खाडे वाचण्याचा अभ्यास

नेरच्या माणसाने बर्फ पाहिलेला असतो तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. अमरावती–यवतमाळ रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव काळ्या जमिनीचं, कपाशीचं, तुरीचं आणि उन्हाळ्याच्या रखरखाटाचं. इथल्या वाचकाने इटलीच्या डाउनहिल स्कीपटूंच्या कारकिर्दी अभ्यासाव्यात, असं मी म्हणतो तेव्हा समोरचा थोडा थबकतो. पण या अभ्यासाला जी नजर लागते ती आपल्याकडे आधीपासून आहे. ती शंकरपटाने, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींनी, दिली आहे.

खरिपाची कामं उरकली की विदर्भात पट भरतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर त्यासाठी नावाजलेलं. तिथे बायकाही जोडी हाकतात. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, छकड्यावर चढतो, जोडी सुटते आणि बघता बघता शर्यत संपलेलीही असते. निकाल सेकंदाच्या तुकड्यांत लागतो. पण पटावरची जुनी माणसं निकालापाशी थांबत नाहीत. ही जोडी मागच्या साली का नव्हती? डाव्या बैलाच्या खुराला काय झालं होतं? धुरकरी तोच आहे की बदलला? इतके महिने बसून राहिलेला बैल पुन्हा तसा पळेल का? हे प्रश्न विचारणाऱ्याला शर्यतपटूचं चरित्र कसं वाचायचं ते शिकवावं लागत नाही. कारकीर्द जिंकलेल्या दिवसांइतकीच, कित्येकदा त्यांहून जास्त, न धावलेल्या दिवसांत घडत असते. त्या रिकाम्या जागांना मी आपला साधा शब्द वापरतो: खाडे.

आधी खेळ समजून घेऊ. डाउनहिल म्हणजे डोंगराच्या वरच्या टोकापासून पायथ्यापर्यंत एकच फेरी. वाटेत गेट रोवलेली असतात. एक चुकलं की बाद. बर्फ भुसभुशीत नसतो, तो मुद्दाम पाणी देऊन टणक केलेला असतो. पुरुष ताशी १३० किलोमीटरच्या पुढे सहज जातात. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची वाट जवळजवळ साडेचार किलोमीटर लांब आहे. ऑस्ट्रियातल्या कित्सब्युएलच्या वाटेवर एका ठिकाणी उतार ८५ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे सरकताना पंच्याऐंशी मीटर खाली. शर्यतीआधी सरावाच्या फेऱ्या होतात आणि खेळाडू सगळी वाट पाठ करतात. वर उभं राहून डोळे मिटतात आणि हाताच्या तळव्याने एकेक वळण हवेत गिरवतात. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग मोजतं.

आता इटलीची सोफिया गोज्जा. जन्म १५ नोव्हेंबर १९९२, बेर्गामो. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचं सुवर्ण, २०२२च्या बीजिंगमध्ये रौप्य, आणि २०१८, २०२१, २०२२, २०२३ अशी चार वर्षं विश्वचषक मालिकेतलं डाउनहिलचं विजेतेपद. एवढं कुठलाही कोश सांगेल. हीच जंत्री खाडे धरून वाचली की तिचा चेहरा बदलतो. २०१३च्या डिसेंबरात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि २०१४चं सोची ऑलिंपिक गेलं. विश्वचषकातला पहिला विजय थेट मार्च २०१७मध्ये, कोरियातल्या जोंगसोनच्या उतारावर. पुढच्या वर्षी ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालं ते त्याच उतारावर, ०.०९ सेकंदाच्या फरकाने. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात हा फरक अडीच मीटरांचा होतो, जुंपलेल्या छकड्याच्या लांबीपेक्षाही कमी. त्याच हंगामात विश्वचषकातलं डाउनहिलचं विजेतेपद तिने प्रतिस्पर्धी लिंडसे वॉनपेक्षा फक्त तीन गुण जास्त मिळवून जिंकलं. मग त्या वर्षीच घोट्याचं हाड मोडलं. २०१९च्या फेब्रुवारीत जागतिक स्पर्धेत सुपर-जी या स्कीच्या दुसऱ्या प्रकारात रौप्य. २०२०च्या फेब्रुवारीत हात मोडला.

२०२१चा खाडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. त्या हंगामात तिने सलग चार डाउनहिल जिंकल्या होत्या. जानेवारीच्या अखेरीस जर्मनीत हवामानामुळे शर्यत रद्द झाली आणि खाली उतरताना, जिथे घड्याळ लागलेलं नव्हतं अशा साध्या वाटेवर ती पडली. गुडघ्यापाशी हाड मोडलं. पुढच्याच महिन्यात जागतिक स्पर्धा इटलीतच, कोर्तिनाला होती, ती हुकली. तरी डाउनहिलचं विजेतेपद तिच्याकडेच आलं, कारण हंगामातली शेवटची डाउनहिलही हवामानाने होऊ दिली नाही. म्हणजे विजेतेपदाचा तो करंडक अर्धा तिच्या चार विजयांचा आणि अर्धा एका न झालेल्या शर्यतीचा. यात तिचं श्रेय कमी होत नाही; उलट श्रेय कशाकशाचं बनलेलं असतं ते दिसतं.

२३ जानेवारी २०२२ला ती कोर्तिनाला पुन्हा पडली: डाव्या गुडघ्याचं लिगामेंट अर्धवट तुटलेलं, पोटरीतल्या बारीक हाडाला तडा. तेविसाव्या दिवशी बीजिंगमध्ये ती दुसरी आली. इथे मला नव्या अभ्यासकाला जरा थांबवावंसं वाटतं. हे वाचून ऊर भरून येतो, आणि तो येऊ द्यावा. पण त्या तेवीस दिवसांत तिच्याभोवती कोण होतं, हेही विचारावं. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, प्रशिक्षक, स्की घासून तयार ठेवणारा माणूस, आणि या सगळ्याचा खर्च उचलणारी व्यवस्था. २०२२च्या डिसेंबरात सेंट मॉरिट्झला तिच्या हाताची हाडं मोडली, तिने मिलानला जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन शर्यत जिंकली. आपल्या तालुक्यांतल्या कबड्डी खेळणाऱ्या मुलीचं लिगामेंट तुटलं की बहुतेक वेळा खेळ तिथेच सुटतो. तिची जिद्द कमी असते म्हणून नव्हे. खाडा किती लांबावा हे जिद्द जितकं ठरवते त्याहून जास्त ही व्यवस्था ठरवते, असं माझं मत आहे, आणि या विषयात यावं ते मुख्यतः याच कारणाने.

सगळे खाडे हाडांचे नसतात. झेनो कोलो १९२०मध्ये तोस्कानातल्या आबेतोनेत जन्मलेला. उमेदीची वर्षं महायुद्धात गेली. १९४७मध्ये त्याने ताशी १५९ किलोमीटरचा वेग गाठला, १९५०मध्ये दोन जागतिक सुवर्णं मिळवली, आणि १९५२मध्ये ऑस्लोच्या ऑलिंपिकमध्ये डाउनहिल जिंकली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. पुढे स्कीच्या साहित्याला आपलं नाव दिलं म्हणून त्याला व्यावसायिक ठरवलं गेलं आणि १९५६चं इटलीतलं ऑलिंपिक त्याला खेळता आलं नाही. तो खाडा नियमाने पाडला.

दोमिनिक पारिस कित्सब्युएलची डाउनहिल २०१३, २०१७ आणि २०१९ अशी तीनदा जिंकला. तरुणपणी एक उन्हाळा त्याने स्वित्झर्लंडच्या डोंगरी कुरणांत गुरं राखली होती. ते दिवस रिकामे होते की तयारीचे, हे गुरांमागे हिंडलेल्या वाचकाने ठरवावं. आणि काही खाडे भरूनच निघत नाहीत. २०२४च्या ऑक्टोबरात सराव करताना पडून मातिल्दे लोरेन्झी ही एकोणीस वर्षांची इटालियन खेळाडू गेली. या विषयाच्या कुठल्याही पुस्तकात तिचं नाव तळटीपेत जाऊ नये.

पटाकडे परत येतो, कारण तिथलाही एक मोठा खाडा आहे. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७मध्ये कायदा बदलला, पण शर्यतींना वाट मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ला, आणि तो कायदा घटनापीठाने कायम केला १८ मे २०२३ला. बंदीपासून वाट मिळेपर्यंतचा हा काळ साडेसात वर्षांचा. बैलाची पळण्याची वर्षं मोजकी असतात. त्या काळात वयात आलेले गोऱ्हे एकदाही पटावर न उतरता म्हातारे झाले. त्यांच्या मालकांचं दुःख मी ऐकलेलं आहे आणि ते खरं आहे. पण बंदीमागचा प्रश्नही तितकाच खरा होता. गोज्जा मोडलेल्या गुडघ्यानिशी वर चढते ती स्वतः ठरवून. बैल ठरवत नाही. चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना मनाई आली ती यामुळेच. स्कीपटू आणि बैलजोडी यांची तुलना मी इथवरच नेतो, आणि तुम्हीही तिथेच थांबावं.

सुरुवात सोपी आहे. जानेवारी हा दोन्हीकडचा महिना: तिकडे वेंगेन आणि कित्सब्युएलच्या शर्यती, इकडे पट. एक वही घ्या, पानाचे दोन रकाने करा. डावीकडे कोण धावलं आणि वेळ किती लागला ते लिहा. उजवा रकाना रुंद ठेवा. आज कोण आलं नाही, ते तिथे लिहायचं. जोडी आली नसेल तर मालकाच्या घरी जाऊन गोठ्याशी बसा आणि विचारा. हंगाम संपल्यावर पुन्हा जा.