थोरल्या खाँसाहेबांची हयात

आमच्या घरांत वडीलधारं माणूस गेलं की जियारत होते, चाळिसावा होतो, बरसी होते. कुराणखानी होते, गोरगरिबांना जेवण दिलं जातं. पण त्या माणसाची हयात कशी गेली, तो कुठून आला, कोणाकडून काय शिकला, हे कागदावर उतरवून ठेवण्याची रीत आम्हा मराठी मुसलमानांत फारशी नाही. आमच्या अब्बांच्या ऐंशी वर्षांची खूण म्हणून घरात एक रेशनकार्ड आणि पेन्शनचं पुस्तक तेवढं उरलं आहे. म्हणूनच कोल्हापूरच्या एका नातवाने करून ठेवलेलं काम आम्हाला फार मोलाचं वाटतं.

उस्ताद अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. घराणं मूळ अत्रौलीचं. आपला मूळ पुरुष नाथ विश्वंभर नावाचा ब्राह्मण गवई होता, असं या खानदानात सांगितलं जाई, आणि ते सांगताना कोणाला संकोच वाटत नसे. वालिद ख्वाजा अहमद खाँ लवकर गेले. पोरक्या मुलाला चाचा जहांगीर खाँ यांनी तालीम दिली. आधी धृपद-धमार, मग ख्याल. पुढे वडिलांच्या मायेने शिकवणारा हा उस्ताद स्वतः चाचाच्या हाताखाली घडला, हे विसरता येत नाही.

ऐन उमेदीत आवाज गेला. अमलेटा संस्थानात दिवसच्या दिवस गाणं झालं आणि गळा बसला तो बसलाच. गवयाचा गळा गेला म्हणजे भाकरीच गेली. पुढे आवाज परतला, पण पहिल्यासारखा नाही. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी बांधली, आणि जयपूर-अत्रौली घराणं म्हणून आज जे ओळखलं जातं ते त्यातूनच उभं राहिलं, असं जाणकार सांगतात.

१८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारात घेतलं. राजस्थानातला हा माणूस करवीरचा झाला. उगाच कोणी आम्हाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारतं, तेव्हा आम्हाला खाँसाहेब आठवतात. १९२२ मध्ये महाराज गेले, मग खाँसाहेबांनी मुंबई गाठली. वय सत्तरीकडे झुकलेलं, तरी शिकवणं थांबलं नाही. गोव्याच्या केसरबाई केरकर १९२१ पासून त्यांच्याकडे शिकू लागल्या होत्या. मोगूबाई कुर्डीकरांचं गाणं त्यांनी सांगलीत ऐकलं आणि आपणहून शिकवायला सुरुवात केली. हा म्हातारा कोण, हे त्या पोरीला आधी ठाऊकच नव्हतं.

पण लांब आयुष्याची किंमत मोजावीच लागते. तीन मुलगे होते. थोरले नसीरुद्दीन, मधले बद्रुद्दीन म्हणजे मंजी खाँ, धाकटे शमसुद्दीन म्हणजे भुर्जी खाँ. मंजी खाँ बुद्धीचे, स्वतंत्र वळणाचे. रहिमत खाँच्या गाण्याने त्यांना भुरळ घातली होती, म्हणजे घरच्या चाकोरीबाहेरचं गाणं त्यांना खुणावत होतं. हे मंजी खाँ १९३७ मध्ये गेले. ऐंशी ओलांडलेल्या बापाने जवान लेकाच्या जनाज्याला कसा खांदा दिला असेल, ते आम्हाला लिहवत नाही. मंजी खाँचे शागीर्द मल्लिकार्जुन मन्सूर उघडे पडले, तेव्हा भुर्जी खाँनी त्यांना आपलंसं केलं. भावाचा शागीर्द तो आपला शागीर्द.

१६ मार्च १९४६ रोजी खाँसाहेबांनी मुंबईत डोळे मिटले. वय नव्वद. चारच वर्षांनी, १९५० मध्ये भुर्जी खाँही गेले.

भुर्जी खाँचे चिरंजीव अझीझुद्दीन खाँ. आजोबा सांगत गेले आणि हा नातू उर्दूत लिहीत गेला. उनियारा, चाचाची तालीम, दरबार, गेलेला आवाज, सारं त्या कागदांवर आलं. त्याचं इंग्रजी भाषांतर २००० साली कोलकात्याहून छापून निघालं. एका घरातल्या वह्यांनी अर्धं शतक वाट पाहिली. त्या वह्यांना वाळवी लागली नाही, पुरात त्या वाहून गेल्या नाहीत, घर बदलताना कोणी त्या रद्दीत घातल्या नाहीत. अब्बांच्या ट्रंकेतल्या कागदांच्या बाबतीत आम्हा भावंडांना एवढंही म्हणता येत नाही.