चार अक्षरे : पॅरिस ते कोसबाड #धागा

१/ लहानपणी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तरी वळून पाहत नसे, तासभर खडूचे तुकडे ओळीने मांडत बसे. आम्ही सारे त्याला ‘वेडा’ म्हणत असू, मीही. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. तो स्वमग्न होता का, हे आज कोणी सांगू शकणार नाही. परंतु अशा मुलांना शिकवण्याचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे, आणि भिवंडीच्या पूर्णा गावात बसून लिहिताना सांगावेसे वाटते, की त्याचा एक धागा आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात येऊन पोहोचतो.

२/ जानेवारी १८००. दक्षिण फ्रान्समधील आवेरों प्रांतात रानातून एक मुलगा वस्तीत आला. वय अंदाजे बारा. भाषा नाही. त्याला पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणले गेले. फिलिप पिनेल या नामवंत वैद्याने तो सुधारणार नाही असे मत दिले. झाँ इतार या डॉक्टरने मात्र त्याला शिकवायचे ठरवले. इतार तेव्हा सव्वीस वर्षांचा, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा होता!

३/ मुलाचे नाव ठेवले व्हिक्टर. माडाम गेरँ यांनी त्याचा सांभाळ केला. इतारने त्याला सुटी अक्षरे हाताळायला दिली. फ्रेंचमध्ये दुधासाठीचा शब्द चार अक्षरांचा आहे. एके दिवशी रोजच्या घरी दूध प्यायला निघताना व्हिक्टरने, कोणी न सांगता, ती चार अक्षरे खिशात घातली आणि तिथल्या टेबलावर नीट जुळवून ठेवली.

४/ व्हिक्टर पुढे नीटसे कधीच बोलला नाही आणि इतार निराश झाला. काही अभ्यासक आज व्हिक्टरला स्वमग्न मानतात. मला मात्र मृतांचे निदान करण्याचा हा उद्योग फारसा रुचत नाही. पण न बोलणाऱ्या स्वमग्न मुलाच्या हाती आज आपण चित्रांची कार्डे देतो, तेव्हा त्या टेबलाची आठवण व्हावी.

५/ इतारचा शिष्य सेगाँ याने ही पद्धत वाढवली. त्या दोघांचे ग्रंथ रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी अभ्यासले आणि मतिमंद ठरवलेल्या मुलांना हाताने चाचपायची अक्षरे दिली. ती मुले लिहू-वाचू लागली. मग त्यांना प्रश्न पडला : धडधाकट मुलांना आपण बाकांवर का जखडतो? १९०७ मध्ये त्यांनी सान लोरेंझो वस्तीत बालगृह उघडले. मूल तिथे हिंडू शकत होते, काम स्वतः निवडत होते. शाळेबाहेर टाकलेल्यांसाठी घडवलेली साधने अशी सर्वांची झाली.

६/ नावे मागाहून आली, हे ध्यानात घ्या. लिओ कॅनर यांचा स्वमग्नतेवरील निबंध १९४३ चा. अवधानाच्या विकाराला अमेरिकी निदानसूचीत त्या नावाने जागा मिळाली १९८० मध्ये.

७/ ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम उभारले, अनुताई वाघ सोबत आल्या. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) माँटेसरींची महागडी साधने परवडणारी नव्हती, बिया, शिंपले, खडे आले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. या मुलांना कोणताही विकार नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवे. मूल शाळेत मावत नसेल तर शाळेने बदलायचे, एवढे मात्र तेच होते.

८/ कायदा फार उशिरा आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मोजले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही त्यांत आहेत. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, अभ्यासक्रमात योग्य बदल यांची तरतूदही आहे.

९/ अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, त्या एकवीसांत स्वतंत्रपणे नाही. जोडीला अध्ययन अक्षमता निघाली, तर तिच्या दाखल्यावर सवलत मिळू शकते. नुसतेच अवधान टिकत नसेल, तर त्या मुलाला खिडकीपासून दूर बसवायचे, सूचना एकेक करून द्यायची, मध्येच उठून फळा पुसायला पाठवायचे, हे सारे वर्गावरच्या बाईंच्या मर्जीवर उरते.