रेडिओ ऐकायचाय? लायसन दाखवा

तुमच्या हातातला फोन म्हणजे चार-पाच बिनतारी यंत्रांचं एक गाठोडं आहे. मोबाईलचं नेटवर्क, वायफाय, ब्लूटूथ, रस्ता दाखवणारं जीपीएस. यांपैकी एकाही गोष्टीसाठी तुम्ही कधी पोस्टात रांग लावलेली नाही. तुमच्या आजोबांनी लावली होती. तीही काही बोलण्यासाठी नव्हे, तर घरात बसून बातम्या आणि भजनं ऐकण्यासाठी.

आमच्या सायखेड्याच्या घरात, सातबारा आणि सोसायटीच्या कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात, रेडिओचं एक लायसन बुक आहे. बँकेच्या पासबुकाएवढं. आत आजोबांचं नाव, पत्ता, रेडिओ कुठल्या कंपनीचा, त्याचा नंबर काय, हे सगळं शाईने लिहिलेलं. पुढच्या पानांवर दर वर्षी चिकटवलेली तिकिटं आणि त्यांवर पोस्टाचा गोल शिक्का. सत्तरच्या दशकात घरगुती रेडिओची फी वर्षाला १५ रुपये होती. आज एवढ्यात धड चहा-बिस्कीट होत नाही, पण तेव्हा शेतमजुराला तेवढे पैसे मिळवायला काही दिवस राबावं लागे. हॉटेलातला रेडिओ व्यापारी प्रकारात मोडे, त्याची फी वेगळी. रेडिओ विकला तर लायसनचीही व्यवस्था लावायची, फी उशिरा भरली तर वर दंड. आजी सांगायची, तपासणीचा साहेब मोटारीने गावात आल्याची कुणकुण लागली की काही घरांतले रेडिओ कणगीत जायचे, धान्याच्या खाली. आमचा गेला नाही, कारण आजोबा शिक्क्याच्या बाबतीत भलतेच काटेकोर. त्यांना सरकारची भीती होती की लायसनचा अभिमान होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

हा प्रकार सुरू कुठून झाला? उत्तर रेडिओच्या जन्माआधीचं आहे. १८८५ साली इंग्रज सरकारने तारायंत्राचा कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमात एक वाक्य आहे, ज्यावर पुढची जवळजवळ १४० वर्षं उभी राहिली: तार उभारण्याचा, ठेवण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारचा, इतर कुणाला तो हवा असेल तर सरकारकडून परवाना घ्यावा. १८५७ च्या उठावात तारेचा उपयोग किती होतो हे सरकारने पाहिलं होतं. दुसऱ्याच्या हातात ती जाऊ नये, हा त्यातून काढलेला साधा धडा. पुढे बिनतारी संदेश आले, तेही याच कायद्याच्या पोटात गेले.

मग आला रेडिओ. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. दीड किलोवॅटचं प्रक्षेपण. आजच्या हिशेबाने किरकोळच. मुंबई आणि आसपास ते धड ऐकू यावं एवढीच त्याची झेप, गोदाकाठच्या गावाला त्याचा काही उपयोग नव्हता. कंपनी खाजगी होती आणि तिचं पोट लायसनच्या फीवर होतं. वर्षाला १० रुपये फी, त्यातले ८ कंपनीला. अडचण अशी की लायसन घेणारे मिळेनात. कंपनी चालली तेवढ्या काळात देशभरातली लायसनं आठ हजारांच्या पुढे गेली नाहीत. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली आणि एप्रिलपासून सरकारने केंद्रं आपल्या ताब्यात घेतली.

रेडिओ ऐकणारे लोक काही तेवढेच नव्हते. फुकटे बरेच होते. आणि १८८५ च्या कायद्यात एक पळवाट होती: यंत्र ‘चालवणं’ गुन्हा, पण नुसतं ‘बाळगणं’ गुन्हा नव्हे. रेडिओ टेबलावर आहे, पण मी तो लावतच नाही, असं कुणी म्हटलं तर शिपायाने काय करावं? ही पळवाट बुजवण्यासाठी १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा आला. १ जानेवारी १९३४ पासून परवान्याविना बिनतारी यंत्र नुसतं जवळ ठेवणं हाच गुन्हा झाला. पहिल्या खेपेला १०० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या खेपेला २५० पर्यंत. यंत्र जप्त होऊ शकत होतं ते वेगळंच. आणि यातली सगळ्यात कडक गोष्ट: जागा तुमच्या ताब्यातली असेल आणि तिथे यंत्र सापडलं, तर ते तुमचंच आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. म्हणजे कणगीत लपवलेला रेडिओ सापडला, तर कणगीचा मालक अडकला.

गंमत पाहा. मूळ कारण पैशाचं होतं, फी बुडू नये एवढंच. पण हत्यार तयार झालं ते फी वसुलीपुरतं राहिलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तशी हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे ज्यांना आपण ‘हॅम’ म्हणतो त्यांची, लायसनं सरकारने काढून घेतली. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी पहाटे तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. त्याच महिन्याच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर एक केंद्र बोलू लागलं. आपण काँग्रेस रेडिओ आहोत आणि हिंदुस्थानात कुठून तरी बोलतोय, अशी ते स्वतःची ओळख करून देई. हे ‘कुठून तरी’ मुंबईतच होतं. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून जागा बदलत राहायच्या. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या, कॉलेजात शिकणाऱ्या. जोडीला विठ्ठलभाई आणि चंद्रकांत झवेरी, सुट्या भागांसाठी शिकागो रेडिओचे नानक मोटवानी. राममनोहर लोहियांची भाषणं याच केंद्रावरून गेली. जेमतेम अडीच महिने चाललं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी दार फोडलं. फितुरी आतल्याच तंत्रज्ञाची होती. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

मला या कथेत जास्त रस वाटतो तो पुढच्या भागात. देश स्वतंत्र झाला, ज्यांनी बेकायदा ट्रान्समीटर चालवला त्यांचंच सरकार आलं. त्यांनी १९३३ चा कायदा रद्द केला का? नाही. १९४९ मध्ये उलट त्यात दुरुस्ती झाली आणि विनापरवाना ट्रान्समीटर बाळगण्याची शिक्षा तीन वर्षं कैदेपर्यंत गेली. फाळणीनंतरचे दिवस, काश्मीरचं युद्ध, हैदराबाद, कारणं समजतात. तरी ट्रान्समीटरच्या जोरावर ज्यांनी लढा चालू ठेवला, त्यांनी तो लोकांच्या हातात असू नये असं ठरवावं, याची नोंद घ्यायलाच हवी. लोकांनी ऐकावं, आणि ऐकण्याचीही फी भरावी, हा मांडणीचा सांगाडा तसाच राहिला.

अर्थात याच सांगाड्यात एक सुंदर प्रयोगही झाला, आणि तो आपल्या भागात झाला. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी ‘रेडिओ शेतकरी मंडळं’ चालवली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे जिल्हे, सुमारे १५० गावं. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, एकूण २०. गावातली पंधरा-वीस माणसं एका रेडिओभोवती जमायची, कार्यक्रम ऐकायची, त्यावर बोलायची, आणि आपले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायची. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे त्याचा अभ्यास केला. मंडळं असलेल्या गावांत लोकांचं ज्ञान स्पष्टपणे वाढलं, असं त्यातून दिसलं. मला यातली खरी नवलाई वाटते ती त्या पत्रांची. बिनतारी यंत्रावर बोलायचा हक्क नसलेल्या शेतकऱ्याला पोस्टकार्डाने का होईना, उलट बोलता आलं.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि सगळा हिशेब कोलमडला. लाकडी पेटीचा रेडिओ एका जागी असे, गच्चीवरच्या एरियलवरून घर ओळखू येई. ट्रान्झिस्टर बैलगाडीत, द्राक्षबागेत, शिवारातल्या झोपडीत फिरू लागला. त्याच्या मागे कोण फिरणार? फी गोळा करायचा खर्च आणि कटकट वाढत गेली, आणि १९८० च्या दशकात रेडिओची लायसन फी टप्प्याटप्प्याने गेली. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. पोस्टात एके वर्षी सांगितलं, आता नाही लागत. आमच्या लायसन बुकात पुढची पानं कोरी आहेत.

सायखेड्यात असल्या गोष्टींकडे बघताना गोदावरी मध्ये येतेच. वर नाशिकला गंगापूर धरणातून पाणी सोडलं की काही तासांत ते आमच्या पुलाशी पोचतं. पुलाला पाणवेली अडकतात, पाणी फुगतं, आणि सायखेडा नि पलीकडची चांदोरी टीव्हीवर दिसायला लागतात. १९६९ चा महापूर म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे. २०१६ आणि २०१९ चे तुम्हीही फोनवर पाहिले असतील. इथे ‘किती क्युसेक सोडलं’ हा आकडा लवकर कळणं म्हणजे दुकानातला माल माळ्यावर चढवायला आणि गुरं सोडायला मिळालेला वेळ. पूर्वी हा निरोप तहसील कचेरीकडून, पोलिसांच्या बिनतारी यंत्रावरून आणि शेवटी दवंडीवाल्याच्या तोंडून यायचा. आता व्हॉट्सअॅपवर येतो, कधी खरा, कधी तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ.

हा बदल ज्या नियमाने शक्य केला त्यातला एक तुकडा कुणाच्या लक्षातही नाही. २००५ साली केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. घरातलं वायफाय आणि कानातला ब्लूटूथ याच पट्ट्यावर चालतात. अट ताकदीची आणि अँटेनाच्या उंचीची: ट्रान्समीटर एक वॅटपर्यंत, अँटेना इमारतीच्या गच्चीपासून पाच मीटरच्या आत. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टाही खुला झाला. शेतातल्या ओलाव्याच्या सेन्सरची माहिती अशाच पट्ट्यावरून घरापर्यंत येऊ शकते. म्हणजे १९३३ चा कायदा जागेवरच होता, पण त्यातून सूट देणाऱ्या छोट्या छोट्या अधिसूचनांनी आपलं सगळं आजचं जगणं घडवलं. निफाड तालुक्यात थ्री फेजची वीज रात्री-बेरात्री येते तेव्हा शेतकरी विहिरीवर जात नाही, अंथरुणातूनच मोटरीच्या मोबाईल स्टार्टरला फोन लावतो. त्या डब्यात सिमकार्ड असतं. आजोबांच्या काळात विहिरीवर असा डबा सापडता तर पोलीस पाटलाला बोलावणं आलं असतं.

वॉकी-टॉकीचं मात्र तसं नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच संच परवानामुक्त पट्ट्याबाहेर बोलतात, आणि ते बाळगणं आजही बेकायदा. २०१८ च्या नियमांनी ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक चिंचोळा पट्टा मोकळा केलाय, तेवढाच. पुरात वापरू म्हणून कुणी संच मागवणार असेल तर आधी वारंवारिता बघा. खरंच आवड असेल तर हॅमची परीक्षा द्या, वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तारा तुटल्या होत्या तेव्हा हौशी रेडिओवालेच निरोप पोचवत होते.

मग परवाना गेला का? माझं मत, गेला नाही, त्याने घर बदललं. ऐकणाऱ्याकडून तो निघाला आणि गावातल्या जागेवर येऊन बसला. टॉवर कुठे उभा करायचा, त्याला ना-हरकत कुणी द्यायची, घरपट्टीसारखा कर लावायचा का, यावर गावोगावी भांडणं झाली. टॉवरही मालमत्ता करात येऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या डिसेंबरात अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सांगितलं. त्याच्या महिनाभर आधी केंद्राने मार्गाधिकाराचे नियम आणले: कंपनीचा अर्ज आला की ६० दिवसांत उत्तर द्या, नाही दिलं तर परवानगी मिळाली असं धरलं जाईल. २०२२ मध्ये त्यात ‘स्मॉल सेल’ आले. म्हणजे टॉवर नव्हे, दिव्याच्या खांबावर बसणारी लहान पेटी. शहरात खांबामागे वर्षाला ३०० रुपये, गावात १५०. आणि खाजगी इमारतीवर मोबाईलचा खांब उभारायचा असेल तर स्थानिक संस्थेची परवानगीच नको, आधी लेखी कळवलं की झालं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ आणि १९३३ चे दोन्ही कायदे निकाली काढायची सोय केली, पण त्याच्या तिसऱ्या कलमातही ‘रेडिओ उपकरण बाळगणे’ हे शब्द आहेतच.

या नियमांना माझा विरोध नाही. प्रत्येक खांबासाठी ग्रामसभेत सहा महिने वाद घालत बसलो तर रेंज येणार नाही, आणि रेंज नसलेलं पूरग्रस्त गाव ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. पण १५० रुपयांत खांब देताना गावाला काही विचारायला मिळायला हवं. सभेत चर्चा बहुतेक वेळा रेडिएशनवर अडकते. भारताने २०१२ पासून त्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय निकषाच्या एक दशांश ठेवली आहे, तेव्हा त्यावर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. सायखेड्याने विचारायचं ते वेगळंच आहे. ही पेटी खांबावर पुराच्या रेषेच्या किती वर बसवणार? पुलावर पाणी आलं, महावितरणने लाईन बंद केली, तर तिची बॅटरी किती तास चालणार? आणि बॅटरी संपली तर रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, आणि तो कशावरून?