बुद्धिबळाचा डाव आणि घड्याळाचा अंकुश

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंचें सैन्य सारखेंच असतें. परंतु विचार करण्यास मिळणारा वेळहि सारखाच असावा, हा नियम मात्र खेळाच्या वयाच्या मानानें अगदीं अलीकडचा आहे. अमरावती-अकोल्याकडील ओट्यावरच्या घरगुती डावाला घड्याळ लागत नाहीं. एकजण विचारांत गढला कीं दुसऱ्यानें पानाचा डबा उघडावा, एवढेंच!

एके काळीं युरोपांतील मोठ्या सामन्यांचीहि हीच स्थिति होती. १८३४ सालीं लंडन येथें ला बूर्दोने व मॅक्डॉनेल हे झुंजले, तेव्हां वेळेचें बंधन मुळींच नव्हतें. १८५१ च्या लंडन स्पर्धेंत विल्यम्सच्या संथपणाबद्दल स्टॉन्टननें कडक तक्रार केली. आणि त्याच विल्यम्सनें तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यांत त्याला हरविलें! विजय बुद्धीचा कीं बैठकीचा, हा प्रश्न तेव्हां उभा राहिला.

१८६१ सालीं अँडरसन व कोलिश यांच्या सामन्यांत वाळूचीं घड्याळें आलीं. दोन तासांत, म्हणजे आपल्या पांच घटिकांत, २४ खेळ्या कराव्या, असें ठरलें. पुढें १८८३ सालीं लंडन येथें मँचेस्टरच्या विल्सननें योजिलेलें जोडघड्याळ आलें. एक बाजू थांबली कीं दुसरी चालू होई. १९२७ सालीं कापाब्लांका व अलेखिन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत अडीच तासांत ४० खेळ्या हें प्रमाण होतें.

घड्याळानें एक अन्याय दूर केला, तसा दुसरा निर्माणहि केला. जिंकत आलेला डाव केवळ वेळ संपल्यामुळें हातचा जाऊं लागला. त्यावर फिशरनें, १९८९ सालीं पेटंट मिळवून, प्रत्येक खेळीबरोबर कांहीं सेकंद बहाल करणारें घड्याळ सुचविलें.

या सुधारणेचें फळ विदर्भाच्या परिचयाचें आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकांत, बाटुमी येथें, पहिल्या ४० खेळ्यांस ९० मिनिटें व प्रत्येक खेळीस ३० सेकंदांची भर होती. अंतिम फेरींतील दोन्ही दीर्घ डाव बरोबरींत सुटले. २८ जुलै रोजीं १५ मिनिटें व खेळीमागें १० सेकंद अशा जलद डावांत नागपूरच्या दिव्या देशमुखनें कोनेरू हंपीवर मात केली. अमरावतीच्या स्वप्निल धोपाडेनें ग्रँडमास्टर पद मिळविलें, तेंहि याच घड्याळाच्या शिस्तींत.

ओट्यावरचा डाव विरंगुळ्याचा; तेथें घड्याळ नसलेलेंच बरें. पण जेथें मानाचें पद पणास लागतें, तेथें प्रतिपक्षाचा वेळ न खाणें हाहि न्यायाचाच भाग होय.