वाकलेले लाकूड सरळ करण्याची हातअवजारे

लाकडी घराचा सांगाडा उभारताना, लाकडी जमीन घालताना किंवा घराबाहेरचा डेक बांधताना वाकलेली फळी, कडी वा उभा दांडा ओढून, ढकलून किंवा पिळून रेषेत आणणारी आणि खिळे-स्क्रू बसेपर्यंत तिथेच धरून ठेवणारी ही अवजारे. पाचर, पहार आणि शिकंजा ही त्यांतली जुनी. लांब दांड्याचे तरफ-पाने, पिळाचे पाने आणि हाताने चालवायचा विंच ही नंतरची. लाकडातला बाक यांपैकी एकही अवजार काढून टाकत नाही. पकड सोडली की फळी पहिल्या जागी परत जाते. सरळपणा टिकवतात ते स्क्रू, खिळे आणि भोवतालचा सांगाडा. म्हणूनच या कामात अवजाराइतकेच मोल आहे ते पारखीला: कोणती फळी ओढून बसवायची, कोणती तोडून आखूड जागी वापरायची आणि कोणती वखारीला परत करायची.

लाकूड का वाकते : ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी पेशींच्या पोकळीत असते आणि पेशींच्या भिंतींतही मुरलेले असते. पोकळीतले पाणी निघून जाईपर्यंत लाकडाचा आकार बदलत नाही. ओलावा सुमारे 30 टक्क्यांच्या खाली गेला की भिंती सुकू लागतात आणि लाकूड आटते. हे आटणे सगळ्या दिशांना सारखे असते तर फळी लहान झाली असती, पण सरळ राहिली असती. प्रत्यक्षात वाढीच्या वलयांच्या दिशेने लाकूड सर्वाधिक आटते, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मे आणि लांबीत जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के. अमेरिकेत बांधकामाला सर्रास लागणारे किनारपट्टीचे डग्लस फर ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या दिशेने 7.6 टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे 4.8 टक्के आटते. सागवानाचे हेच आकडे 5.8 आणि 2.5 आहेत. दारे-खिडक्यांसाठी सागवानाची जी ख्याती आहे तिच्यामागे हे कमी आटणेही आहे.

लांबीतले नगण्य आटणे हाही सरसकट नियम नाही. झाडाच्या गाभ्याजवळचे कोवळे लाकूड आणि कललेल्या झाडात दाबाने किंवा ताणाने बनलेले लाकूड लांबीतही बरेच आटते. फळीच्या एका कडेला असे लाकूड आणि दुसऱ्या कडेला पक्के लाकूड आले की एक कड आखडते आणि फळी धनुष्याकार होते. तंतू खोडाभोवती तिरके चढलेले असतील तर फळीला पीळ पडतो. उलट दिशेचा खेळ कोकणातल्या घराघरांत दिसतो: पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा घेऊन फुगते आणि दार चौकटीत अडकते, दिवाळीनंतर तेच दार मोकळे होते.

बाकाचे प्रकार : कापीव लाकडातले दोष चार गटांत मांडतात. फळी पसरट बाजूने कमानीसारखी झाली तर तो पसरट बाक. ती पालथी ठेवली की बहुधा हाताच्या जोराने बसते. फळीची कड एका अंगाला झुकली तर तो कडेचा बाक. डेक आणि जमीन घालताना खरा त्रास याचाच. फळी रुंदीत खोलगट झाली तर तिला पन्हळ आली. चारही कोपरे एका पातळीत नसतील तर तो पीळ.

पसरट बाक आणि कडेचा बाक यांतला फरक केवळ दिशेचा वाटतो, पण जोराच्या हिशेबात तो फार मोठा आहे. 38 मिमी जाड आणि 140 मिमी रुंद फळी कडेच्या दिशेने वाकवायला पसरट दिशेपेक्षा सुमारे साडेतेरा पट जोर लागतो. पाइन जातीच्या सुक्या लाकडाची नेहमीची ताठरता धरली, तर अशा 4.8 मीटर लांब फळीच्या मध्यावरचा 12 मिमी कडेचा बाक काढायला सुमारे 45 किलो वजनाइतका दाब पुरतो; माणूस पायाने रेटूनही तो देऊ शकतो. तेवढाच बाक 2.4 मीटरच्या फळीत असेल तर आठपट, म्हणजे 360 किलोच्या आसपास दाब लागतो. लांबी निम्मी झाली की ताठरता आठपट होते. आखूड पण वाकडी फळी बसवण्याच्या भानगडीत अनुभवी सुतार पडत नाही, त्याचे कारण हेच.

पार्श्वभूमी : वाकडे लाकूड जागेवर ओढून बसवणे ही जहाजबांधणीची जुनी विद्या. तिथे फळी मुद्दामच वाकवून सांगाड्यावर चढवावी लागे आणि त्यासाठी लाकडी चिमटे, पाचरी, दोर वापरत. इंग्लंडमधल्या घरबांधणीत लाकडी जमिनीच्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवण्यासाठी लोखंडी शिकंजा आला. तो कडीला दोन्ही बाजूंनी पकडे आणि त्याचा स्क्रू फिरवला की पुढचा ठोकळा फळीची कड दाबत जाई. तो नसेल तिथे जोडपाचरी वापरत: कडीवर तात्पुरता ठोकळा ठोकायचा, ठोकळा आणि फळी यांच्यामध्ये दोन पाचरी एकमेकींच्या उलट दिशेने ठेवायच्या आणि दोन्ही बाजूंनी हातोडीने ठोकत जायचे. दाब सरळ आणि सारखा मिळतो, फळीची कड चेमटत नाही.

पुण्या-नाशिकच्या वाड्यांतल्या कडीपाटात कड्या जाड आणि लाकूड मुरवलेले असे. उत्तर अमेरिकेत मात्र 1830च्या दशकापासून शिकागोच्या परिसरात वेगळी रीत रुजली. अवजड तुळया आणि खाच-कुसाचे सांधे मागे पडले. त्यांच्या जागी गिरणीत कापलेल्या बारीक दांड्यांचा, कारखान्यात बनलेल्या खिळ्यांनी जोडलेला हलका सांगाडा आला. अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची स्वतंत्र घरेही बहुधा याच पद्धतीची असतात. तिथला ‘टू बाय फोर’ दांडा नावाला दोन इंच गुणिले चार इंच. रंधून आल्यावर प्रत्यक्षात 38 मिमी × 89 मिमी. सुके म्हणून विकल्या जाणाऱ्या दांड्यात 19 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो आणि तापवलेल्या घरात तो त्याहून बराच खाली उतरतो. बारीक दांडा, लवकर वाढवलेल्या झाडाचे लाकूड आणि बांधकामानंतरही चालू राहणारे सुकणे, या तिन्हींमुळे सरळ करण्याच्या अवजारांची गरज या पद्धतीत कायमची झाली.

पारखण्याची साधने : पहिले साधन डोळा. दांड्याचे एक टोक उचलून एक डोळा मिटून कडेवरून पाहिले की बाक लगेच कळतो. बाकाचा फुगवटा कोणत्या कडेला आहे ते पेन्सिलीच्या बाणाने दाखवतात आणि जमिनीच्या सगळ्या कड्या फुगवटा वर ठेवून बसवतात, म्हणजे वजन आल्यावर त्या सपाटीकडे येतात. पिळासाठी दोन सरळ, समांतर कडांच्या पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवून एकीवरून दुसरीकडे पाहतात. पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर फळीला पीळ आहे.

उभ्या भिंतीसाठी दोरी आणि एकाच जाडीचे तीन ठोकळे पुरतात. दोन टोकांना ठोकळे लावून त्यांवरून दोरी ताणायची आणि तिसरा ठोकळा दोरीमागून सरकवत न्यायचा. जिथे तो दोरीला ढकलतो तिथे भिंत बाहेर आली आहे. जिथे फट राहते तिथे ती आत गेली आहे.

पाचर, पटाशी, पहार : डेकच्या फळीचा हलका बाक काढायला वेगळे अवजार लागत नाही. जाड पटाशी फळीच्या कडेलगत कडीत ठोकायची आणि तिची मूठ फळीकडे रेटायची. फळी सरकते आणि दुसऱ्या हाताने स्क्रू बसवता येतो. चपटी पहारही हेच करते. उणीव एवढीच की एक हात सतत अडकून राहतो आणि कडीवर व्रण उरतात.

शिकंजे : दोन फळ्या किंवा फळी आणि कडी यांना आवळणारा स्क्रूचा शिकंजा सर्वत्र वापरतात. लांब अंतरासाठी पाइपचा शिकंजा सोयीचा, कारण त्याचे दोन जबडे बाजारातल्या साध्या लोखंडी पाइपवर चढतात आणि पाइप हवा तितका लांब घेता येतो. शिकागोत 1903 साली सुरू झालेल्या ॲडजस्टेबल क्लॅम्प कंपनीचा ‘पोनी’ आणि 1889 साली स्थापन झालेल्या जर्मन ‘बेसी’ कंपनीचे पोलादी शिकंजे ही या गटातली परिचित नावे. शिकंजा जोर भरपूर देतो, पण त्याला पलीकडच्या बाजूला धरायला कड लागते. अर्ध्या घातलेल्या डेकवर ती दर वेळी सापडेलच असे नाही.

तरफ-पाने : ही अडचण सोडवणारे अवजार म्हणजे डेकच्या फळ्यांचा तरफ-पाना. अमेरिकेतल्या सेपको टूल कंपनीचा ‘बोरेंच’ त्याचा सर्वपरिचित नमुना. त्याचे काम पाहिले की तरफेचे गणित समोर उलगडते. पान्याखालचे दोन पकडदांडे कडीच्या दोन बाजूंना बसतात. पकड फिरवून तो एकेरी किंवा जोड कडीला लावता येतो. दांडा फळीच्या दिशेने ओढला की पकडदांडे कडीला तिरपे आवळतात आणि पान्याचा पुढचा भाग फळीची कड दाबत नेतो. दांड्याची लांबी दाबाच्या अंतराच्या दहापट असेल तर हाताचा 30 किलोचा जोर फळीवर सुमारे 300 किलोचा होतो. फळी रेषेत आली की दांडा त्याच स्थितीत अडकून राहतो. दोन्ही हात मोकळे होतात आणि एकटा माणूस स्क्रू मारू शकतो.

काम नेहमी एका टोकाकडून पुढे जाते. पहिले टोक पक्के करायचे, मग सुमारे 400 मिमी अंतरावरच्या प्रत्येक कडीवर फळी तपासत, लागेल तिथे पाना लावत पुढे सरकायचे. फळ्यांमधली फट सारखी राहावी म्हणून मध्ये जाड खिळा किंवा 3 मिमीची चकती ठेवतात. ओढून बसवलेल्या फळीला गुळगुळीत खिळा पुरत नाही, कारण फळीचा परतण्याचा जोर तो हळूहळू वर काढतो. तिथे प्रत्येक कडीवर दोन स्क्रू, निदान कंगोरेदार खिळे हवेत.

पिळासाठी वेगळा पाना असतो. लांब दांड्याच्या टोकाला 38 मिमीचा दांडा मावेल एवढी दुबेळकी असते. ती कडीवर अडकवून दांडा फिरवला की कडी उभी होते आणि तेवढ्यात दोन कड्यांमध्ये आडवा ठोकळा मारून घेतात. स्टॅन्लीच्या ‘फुबार’ या बहुकामी पहारेच्या डोक्यातही असाच जबडा आहे. ओंडके फिरवण्याची आकडेदार तरफ, ‘पीव्ही’, हे याच कुळातले थोरले अवजार. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जोसेफ पीव्ही या लोहाराने ते 1858च्या सुमारास घडवले आणि जाड तुळयांच्या बांधकामात ते आजही हाताशी असते. पीळ थोडा असेल तर मात्र तिरपा खिळाच पुरतो: कडीच्या ज्या अंगाला उचल आहे तिथून तो तिरपा ठोकत गेले की प्रत्येक घावासरशी कडी जागेवर सरकते.

भिंत सरळ करणे : अख्खी भिंत मध्यभागी बाहेर आली असेल तर हाताचा विंच लावून ती आत ओढतात. त्याहून साधी आणि चतुर युक्ती लवचीक फळीची आहे. एक लांब फळी पसरट ठेवून तिचे वरचे टोक भिंतीच्या माथ्याला आणि खालचे जमिनीला पक्के करायचे. मग तिच्या मध्याखाली आखूड दांड्याचा टेकू देऊन तिला वर उचलायचे. फळी कमानदार होताच तिच्या दोन टोकांमधले अंतर कमी होते आणि भिंत आत खेचली जाते. टेकू मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवता येतो, त्यामुळे दोरी पाहत पाहत भिंत नेमकी रेषेत थांबवता येते. कायमचे तिरपे आधार किंवा छताच्या कड्या बसेपर्यंत फळी तशीच ठेवतात.

भिंतीतला एखादाच उभा दांडा वाकलेला असेल तर त्याच्या आत गेलेल्या कडेवर करवतीची खाच घेऊन, त्यात पाचर ठोकून दांडा सरळ करतात आणि दोन्ही बाजूंना जोडपट्ट्या मारतात. हा उपाय भार न वाहणाऱ्या पडभिंतीपुरताच ठेवावा. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडनुसार भार वाहणाऱ्या दांड्यात खाच रुंदीच्या 25 टक्क्यांपेक्षा आणि भार न वाहणाऱ्यात 40 टक्क्यांपेक्षा खोल नसावी. भार घेणारा दांडा वाकडा निघाला तर तो बदलणेच योग्य.

मर्यादा आणि सुरक्षितता : वाकलेली फळी ओढून धरली की तिच्यात ताण साठतो. गाठीजवळ किंवा टोकाशी आधीच चीर असेल तर ती स्क्रूच्या भोकापासून फाटत जाते, म्हणून टोकाजवळ आधी बारीक भोक पाडून घेतात. पान्याचा दांडा सुटला तर तो जोराने उलटतो. त्याच्या फटक्याच्या रेषेत तोंड किंवा गुडघा ठेवू नये. पन्हळ काढायला हे पाने निरुपयोगी आहेत. खोलगट फळी जोराने सपाट केली तर मध्यावर चिरते. तिला रंधाच लागतो.

वाकण्याचे पुष्कळसे प्रमाण वखारीत आणि बांधकामाच्या जागी कमी करता येते. थप्पी जमिनीपासून वर, सपाट आधारावर रचावी, थरांमध्ये एकाखाली एक येतील अशा पट्ट्या घालाव्यात, वर वजन ठेवावे आणि ऊन-पावसापासून झाकावे. बंधाची पट्टी तोडल्यावर फळ्या लवकर वापराव्यात. उन्हात सुटी पडलेली ओली फळी एका दुपारीही पिळू शकते. उलट ओले लाकूड सरळ धरून जागेवरच सुकले तर त्यातला ताण बराच सैलावतो आणि ते त्या आकारात मुरते.

आजची स्थिती : पातळ थर चिकटवून केलेल्या तुळया आणि इंग्रजी ‘आय’च्या आकाराच्या कड्या आल्यापासून घराच्या आतल्या जमिनीसाठी वाकड्या कड्यांची डोकेदुखी कमी झाली. अशा कड्या अमेरिकेतल्या ट्रस जॉइस्ट कंपनीने 1969 मध्ये बाजारात आणल्या. डेकवर मात्र अजूनही भरीव लाकूड पुष्कळ वापरतात आणि तेही बहुधा रसायन दाबून मुरवलेले पाइन. ते प्रक्रियेतून ओलेच बाहेर पडते आणि जागेवर सुकताना आटते. म्हणून त्याच्या फळ्या अनेक सुतार फट न ठेवता एकमेकींना भिडवूनच बसवतात. फट पुढे आपोआप पडते. सुक्या फळ्यांना मात्र सुरुवातीलाच फट ठेवावी लागते. दोन्ही कामांत प्रत्येक फळी शेवटच्या कडीपर्यंत ताणून रेषेत धरावी लागते, आणि त्यासाठी तरफ-पाना डेक बांधणाऱ्याच्या अवजारांच्या पेटीत असतोच.