टाकणावळ

सोनाराकडे गेलं की तो आधी सोन्याचा भाव सांगतो आणि मग वर घडणावळ लावतो. शिंपी शिलाई घेतो, हमाल हमाली घेतो, पिठाची गिरणीवाला दळणाचे पैसे घेतो. वस्तू घडवायला, शिवायला, उचलायला, दळायला पैसे पडतात हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण वस्तू टाकायलाही पैसे पडतात, ही गोष्ट आपल्या गळी अजून उतरलेली नाही. या पैशाला मराठीत सुटसुटीत शब्दसुद्धा नाही. सरकारी कागदात ‘उपयोगकर्ता शुल्क’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून कोण काय उपयोग करतो आहे, तेच कळत नाही. मी माझ्यापुरता एक शब्द केला आहे, टाकणावळ. आज त्या टाकणावळीचीच थोडी गोष्ट सांगायची आहे.

माझं लहानपण सोलापूरच्या एका गल्लीत गेलं. वडील कापडगिरणीत, आई घरी बिड्या वळायची. कारखान्यातून पत्ता आणि तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, साचा ठेवून कात्रीनं कापायची, बिड्या वळून पुन्हा कारखान्यात नेऊन द्यायच्या. कापलेल्या पानांचे तुकडे उन्हात वाळवून चुलीत जायचे. चुलीची राख भांडी घासायला. भाजीची देठं आणि साली शेजारच्या बकरीला. गिरणीतलं तुटकं सूत गॅरेजवाले हात पुसायला विकत न्यायचे, आणि घरातल्या जुन्या लुगड्यांची आई गुदडी शिवायची. आमच्या घरात कचऱ्याचा डबा नव्हता. गरिबीचं कौतुक मी करत नाही. आईचं ते करणं नाइलाजाचं होतं. पण टाकण्यासारखं फारसं उरतच नव्हतं, ही वस्तुस्थिती आहे.

खेड्यात तर उकिरडा ही मालमत्ता होती. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असं आपण म्हणतो. शेतकऱ्याच्या घरी तो पांग दरवर्षी फिटत असे, कारण उकिरडा उपसून शेतात जाई. शहरांचंही काही काळ असंच होतं. १८५०च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात गावोगावी नगरपालिका निघाल्या. सोलापूरची नगरपालिकाही त्याच दशकातली. या काळात इलाख्यातल्या अनेक नगरपालिका शहरातला मैला आणि केरकचरा मुरवून त्याचं सोनखत करत आणि ते शेतकऱ्यांना विकत. म्हणजे शहराच्या घाणीतून तिजोरीत दोन पैसे पडत. आज तीच घाण दूर करण्यासाठी तिजोरीतून पैसे जातात. हा प्रवास कसा झाला?

त्याची सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल. हा शब्द आहे ‘हलालखोर’. हलाल म्हणजे धर्माला मान्य, कष्टाचं. खोर म्हणजे खाणारा. झाडू मारणाऱ्या, मैला वाहणाऱ्या माणसांना हे नाव अकबर बादशहानं रूढ केलं, अशी नोंद अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. ज्याला सगळे दूर ठेवतात, तोच खरी कष्टाची भाकरी खातो, असा त्या नावाचा अर्थ. पुढे इंग्रजांनी कायदे केले तेव्हा हाच शब्द कायद्यात गेला. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात चक्क ‘हलालखोर कर’ होता. नंतर केव्हातरी दुरुस्ती होऊन त्या जागी मलनिस्सारणाचा कर आला. मराठीनं मात्र गंमत केली. ‘हरामखोर’ ही शिवी तिनं घट्ट धरून ठेवली आणि ‘हलालखोर’ विसरून गेली.

कर हलालखोराच्या नावाचा. पण त्यातलं हलालखोराच्या ओंजळीत किती पडलं? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पाठोपाठ इलाख्यातली इतर शहरंही हादरली. सफाईसाठी पैसा आला, खाती निघाली, अधिकारी नेमले गेले. मुंबईचा कचरा रेल्वेच्या डब्यांत भरून चेंबूर-देवनारकडच्या दलदलीत जाऊ लागला. १९२७पासून देवनारला कचरा पडतो आहे. मैल्याची टोपली मात्र डोक्यावरच राहिली. १९४९ साली मुंबई सरकारला या माणसांच्या राहणीची चौकशी करायला बर्वे समिती नेमावी लागली. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा यायला १९९३ उजाडलं, आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. करपावतीवर ज्याचं नाव, त्याच्यापर्यंत पैसा सर्वांत शेवटी पोचतो. टाकणावळीच्या इतिहासातला हा पहिला धडा.

सोलापूरची महापालिका १ मे १९६४ला झाली. ज्या १९४९च्या कायद्यानं ती चालते, त्यात सामान्य कर आहे, पाण्याचा कर आहे आणि सफाईचाही आहे. पुढच्या वर्षाचे दर महापालिकेच्या सभेनं २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे, असंही त्यात म्हटलं आहे. पण खरं सांगायचं तर त्या काळात सफाईच्या कराची कुणाला फारशी फिकीर नव्हती. शहर चालायचं जकातीवर. नाक्यावर ट्रक थांबले की तिजोरी वाजायची. कचरा गावाबाहेर नेऊन टाकला की काम संपलं. मग जकात गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि महापालिका सरकारकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसल्या. हातात उरली ती घरपट्टी, पाणीपट्टी आणि असली छोटीमोठी शुल्कं.

याच काळात कचरा वाढला आणि बदललाही. सोलापूर १९९२च्या हद्दवाढीनं पसरलं. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख भरली. बकऱ्या गल्लीतून गेल्या, चुली गेल्या, प्लॅस्टिकची पिशवी आली. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली आणि देश खडबडून जागा झाला. १९९६ साली अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यातून २००० सालचे कचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले. २०१६ साली ते बदलले आणि त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की कचरा करणाऱ्यानं शुल्क दिलं पाहिजे. राज्य सरकारनं २०१९मध्ये त्यासाठी उपविधी काढले. मग शहराशहरांत घरपट्टीच्या बिलाला एक नवी ओळ चिकटली, आणि शहराशहरांत मोर्चे निघाले. मुंबईत एप्रिल २०२५मध्ये जो मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, त्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये, तर ३०० चौरस मीटरच्या वरच्या घराला १,००० रुपये असा दर सुचवला होता. त्यावरही वादळ उठलं.

आता यातली खरी मेख पाहू. आपल्याकडे टाकणावळ दोन ठिकाणी दिली जाते, आणि दोन्ही ठिकाणी थोडी उलटी. घरोघर आपण देतो ती ठरलेली रक्कम. ओला-सुका वेगळा करणारी, परसात खत करणारी बाई आणि सगळं एका पिशवीत कोंबून रात्री कोपऱ्यावर फेकणारा गृहस्थ, दोघांना दर एकच. मग वेगळं करायचं कशाला? दुसरी टाकणावळ महापालिका ठेकेदाराला देते, बहुधा टनावर. म्हणजे गाडीचं वजन जितकं जास्त, तितकं बिल मोठं. मग कचऱ्यात माती आली, विटांचे तुकडे आले तरी काट्यावर त्याचे पैसेच होतात. कचरा कमी व्हावा, असं या साखळीत कुणाच्याच हिताचं नाही.

विलायतेत हिशेब वेगळा आहे. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९९६ला कचरा जमिनीत पुरण्यावर कर बसला, टनाला ७ पौंड. तो वाढत वाढत एप्रिल २०२५मध्ये १२६ पौंडांवर गेला. पुरणं महाग झालं, तेव्हा वेगळं करणं, पुन्हा वापरणं परवडू लागलं. पुरला जाणारा कचरा खूप घटला. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. रात्री गुपचूप रस्त्याकडेला कचरा ओतून पळणारे तिथंही आहेत. एकट्या इंग्लंडमध्ये २०२३-२४ साली अशा दहा लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. तेव्हा नुसता दर वाढवला की काम झालं, असं नाही. दर वाढला आणि लक्ष ठेवणारं कुणी नसलं, तर कचरा नाल्यात जातो, ओढ्यात जातो, दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर जातो.

आणि दुसऱ्याचा बांध म्हणजे काय, हे आपल्याला २०१८ साली तेव्हाच्या औरंगाबादनं, आजच्या छत्रपती संभाजीनगरनं दाखवलं. वर्षानुवर्षं शहराचा कचरा नारेगावला जात होता. फेब्रुवारी २०१८मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहरात ढीग साचले. न्यायालयानंही नारेगावला टाकायला मनाई केली. नवी जागा शोधत गाड्या मिटमिट्याला गेल्या, तर मार्चमध्ये तिथं दगडफेक आणि जाळपोळ झाली. कुठलंच गाव दुसऱ्याचा कचरा घ्यायला तयार नव्हतं. पुण्याचा कचरा झेलणारी उरुळी देवाची आणि फुरसुंगी तर किती वर्षं हेच सांगत आली आहेत. या गावांनी टाकणावळ पैशात दिली नाही. विहिरीच्या पाण्यात दिली, धुराच्या श्वासात दिली. तिची पावती कुणी फाडत नाही.

आमच्या सोलापूरचा कचरा तुळजापूर रस्त्यावर जातो. तिथं कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्पही उभा राहिला, दिवसाला ४०० टन कचरा आणि ३ मेगावॅट वीज अशा क्षमतेचा. ओल्या कचऱ्याचा वायू करायचा आणि वायूची वीज. पण यंत्र कितीही शहाणं असलं तरी त्याला खायला घालणारे आपणच. ओल्यात काच, चिंध्या आणि वाळू मिसळून दिली तर त्याचंही पोट बिघडणारच.

पुण्यानं एक वेगळी वाट दाखवली. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्या कचरावेचक बायांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. बाई दारात येते, ओला-सुका वेगळा घेते, आणि घरटी शुल्क थेट तिच्या हातात पडतं. भांडणं तिथंही झाली, अजूनही होतात. पण आपण दिलेले पैसे कुणाला मिळाले, हे निदान डोळ्यांना दिसतं. हलालखोर या शब्दाला तिथं थोडा अर्थ परत मिळाला, असं मला वाटतं.

माझी धाकटी बहीण दुसऱ्या एका गावी दिली आहे. त्या गावाचं नाव घेत नाही. तिच्याकडे गेलो असता तिनं घरपट्टीचं बिल माझ्यापुढे ठेवलं. त्यात कचऱ्याची ओळ होती आणि ती आदल्या वर्षापेक्षा वाढलेली होती. ती म्हणाली, “भाईजान, पैसे तो लेतेच, गाडी आतीच नै.” मी तिला म्हणालो, मग भरू नकोस. त्यावर ती म्हणाली, “भरती मैं. नै भरे तो पुछनेका मूं नै रहता.” माझी बहीण सातवी शिकलेली आहे. नागरिकशास्त्राचा धडा तिनं मला एका वाक्यात शिकवला. पैसे भरलेला माणूस विचारू शकतो.

आता विचारण्याची वेळ आलीच आहे. जानेवारी २०२६मध्ये केंद्रानं नवे घनकचरा नियम जाहीर केले. त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. कचरा चार प्रकारे वेगळा करायचा: ओला, सुका, डायपर-पॅडसारखा, आणि औषधं-रंगासारखा जपून हाताळायचा. आणि वेगळा न करता कचरा भरावाच्या जागेवर नेणाऱ्या महापालिकेला जास्त शुल्क, इतकं की त्यापेक्षा वेगळं करणं स्वस्त पडावं. म्हणजे टाकणावळ आता महापालिकेलाही बसणार. तत्त्व मला पटतं. भीती एवढीच की महापालिका तो भार उचलून जसाच्या तसा आपल्या घरपट्टीवर ठेवील आणि गाडीत कचरा पूर्वीसारखाच एकत्र जाईल.

सोलापूर महापालिकेत मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षं निवडून आलेलं सभागृह नव्हतं, प्रशासकाचा कारभार होता. १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं आणि सभागृह परत आलं. ज्या सोलापूरच्या नगरपालिकेनं १९३० साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून राष्ट्रध्वज फडकवला, त्या परंपरेतलं हे सभागृह आहे. त्यांना माझं सांगणं साधं आहे. टाकणावळ वाढवायची असेल तर वाढवा. पण वेगळं करून देणाऱ्याला सूट द्या. ठेकेदाराचं बिल नुसत्या वजनावर काढू नका. झोपडपट्टीतल्या खोलीला आणि मंगल कार्यालयाला एका तराजूत घालू नका. आणि पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी छापा: गेल्या वर्षी किती कचरा उचलला, किती वेगळा झाला, किती तुळजापूर रस्त्यावर पडला, आणि या पैशातलं झाडूवाल्या बाईला किती मिळालं.

माझी बहीण सगळ्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवते. त्याच डब्यात अब्बांचे गिरणीतले जुने पगाराचे कागद आहेत. कशाला जपतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, कधीतरी कुणी हिशेब विचारील, तेव्हा आपल्याकडे कागद असावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)