वनस्पतीचे नाव आणि तिचा गुण : सदाफुली व नरक्या

वनस्पतीच्या देशी नावात तिचा औषधी गुण साठविलेला असतो, असा समज आपल्याकडे रूढ आहे. कर्करोगावरील दोन वनस्पतिज द्रव्यांचा इतिहास पाहिला असता तो समज टिकत नाही.

विदर्भात राळेगावसारख्या कपाशीच्या मुलखातही सदाफुली अंगणाअंगणांत आढळते. ही वनस्पती मूळची मादागास्कर बेटातील. तिचे मराठी नाव केवळ तिच्या सतत फुलण्याची साक्ष देते. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर ह्यांनी तो गुण तपासावयास घेतला. तेव्हा प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरली नाही, परंतु पांढऱ्या पेशी घटल्याचे दिसून आले. त्या अनपेक्षित निरीक्षणातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हाती आले. लोकपरंपरेने वनस्पतीकडे लक्ष वेधले हे खरे. पण जो गुण सापडला तो परंपरेस ज्ञात असलेला नव्हता.

सह्याद्रीतील नरक्याचा वृत्तान्त ह्याहून बोधप्रद आहे. ह्या नावात 'नरक' हा शब्द उघड दिसतो. फुलांच्या दुर्गंधीमुळे तो सार्थही आहे. वृक्षाच्या जुन्या शास्त्रीय नावातील 'फीटिडा' ह्या लॅटिन पदाचा अर्थही दुर्गंधी असाच होतो. दोन दूरच्या भाषांनी नाकाचाच कौल मानला. अंतरीच्या द्रव्याविषयी दोन्ही नावे मूक आहेत.

ते द्रव्य प्रथम सापडले ते एका चिनी वृक्षात. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल व मनसुख वाणी ह्यांनी त्यापासून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. वाणी हे जन्माने नंदुरबारचे व मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होत. पुढे १९७२ साली मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन ह्यांना तेच द्रव्य नरक्यात आढळले. वस्तुतः हे दोन वृक्ष भिन्न कुळांतील. त्यामुळे नात्यागोत्यावरून हा शोध लागणे कठीणच होते.

आरंभीच्या चाचण्यांत विषारी परिणाम दिसल्याने कॅम्प्टोथेसिन मागे पडले. पेशीविभाजनास आवश्यक अशा टोपोआयसोमरेज-१ ह्या विकरावर ते आघात करते, हे १९८५ साली उलगडले आणि १९९६ साली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ह्या त्याच्या साधित औषधांस अमेरिकेत मान्यता मिळाली.

गुण कळताच नरक्यावर कुऱ्हाड आली. द्रव्य खोडात व मुळांत असल्याने ते मिळविताना वृक्षच नाहीसा होतो, आणि पश्चिम घाटात त्याची संख्या ह्या तोडीमुळे घटली. म्हणून वनस्पतिनामे संकलित करणाऱ्याने नावाच्या अर्थावरून गुण कल्पू नये. नाव, ठिकाण, नमुना व लोकांतील प्रत्यक्ष उपयोग ह्यांची स्वतंत्र नोंद करावी; वृक्ष नष्ट झाल्यावर उरलेल्या नावावरून त्यातील द्रव्य शोधता यावयाचे नाही.